धुरी सर अजून आले नाहीत

बकुळा धुरीला आयुष्यात पहिल्यांदा कोणी ‘सर’ म्हटलं, तेव्हा ती अडतीस वर्षांची होती आणि गिरगावातल्या एका छापखान्यात बसून एका आचाऱ्याला आचार्य होण्यापासून वाचवत होती.

लालबागच्या एका केटररचं पत्रक होतं. ‘आमच्या आचाऱ्यांच्या हातची चव एकदा घ्याच’ असं त्याला छापून हवं होतं. बकुळा अक्षर न अक्षर बरोबर टाइप करायची, पण पडद्यावर उमटायचं ‘आमच्या आचार्यांच्या हातची चव’. ‘र’ची ती पापणीसारखी आडवी खूण गायब व्हायची, तिच्या जागी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार बसायचा, आणि कांदा कापणारा माणूस एका फटक्यात मठाधिपती व्हायचा.

“बाई,” केटरर म्हणाला, “हे वाचून लोक मला जेवणाची नाही, प्रवचनाची ऑर्डर देतील.”

दोष नव्या सॉफ्टवेअरचा होता. जुनं सॉफ्टवेअर विकतचं होतं आणि ते चालायला कॉम्प्युटरच्या मागे एक बोटभर प्लास्टिकचं कुलूप लावावं लागायचं. २००४च्या जून महिन्यात ते कुलूप केरात गेलं. कंपनी म्हणाली, कुलूप वेगळं मिळत नाही, सॉफ्टवेअरच नवीन घ्या. छापखान्याचे मालक अप्पा राजाध्यक्ष सत्तरीचे होते आणि असल्या गोष्टींवर चिडायची त्यांना हौस होती. “कुलूप हरवलं म्हणून घर नवीन घेऊ?” ते म्हणाले, आणि तपकिरीची चिमूट ओढून त्यांनी तो विषय संपवला. मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी आणून दिली. तिच्यात कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स होतं आणि मराठी लिहायला ‘पाटी’ नावाचा प्रोग्रॅम. पाटीला कुलूप नव्हतं. उलट ‘मदत’वर क्लिक केलं की लिहिलेलं यायचं : हा प्रोग्रॅम सगळ्यांचा आहे, आतून उघडून बघा, चूक सापडली तर कळवा, जमलं तर दुरुस्त करून पाठवा. खाली दादरच्या कुठल्याशा ‘मुक्त सॉफ्टवेअर मित्रमंडळा’च्या मेलिंग लिस्टचा, म्हणजे एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचणाऱ्या टपालाचा, पत्ता होता.

बकुळाने कळवलं. टायपिंग क्लासात शिकवलेल्या इंग्रजीत, ‘रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट’ अशी सुरुवात करून, खाली ‘बी. धुरी’ अशी सही ठोकून. दोन उत्तरं आली. पहिलं मंडळाचा प्रमुख हेमचंद्र याचं : ‘डिअर धुरी सर, फार महत्त्वाची चूक पकडलीत. रविवारच्या सभेला जरूर या.’ दुसरं कोणा दौलतचं. त्यात फक्त चार इंग्रजी अक्षरं होती. आर, टी, एफ, एम.

बकुळाने अप्पांना विचारलं. अप्पांनी चष्मा पुसला. “एफ. एम. आहे म्हणजे रेडिओ असणार,” ते म्हणाले. “लावून बघ.”

बकुळा वाढली डिलाईल रोडच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, नळाला लागून असलेल्या खोलीत. ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला तेव्हा ती दहावीला होती. तिचे वडील, तात्या, मिलमध्ये जॉबर. बंद पडलेला साचा, म्हणजे माग, सुरू करणं हे त्यांचं काम. संप कधी मिटेल असं कोणी विचारलं की ते आपल्या मालवणीत सांगायचे, “येत्या सोमवारी मिल चालू होतली.” कुठला सोमवार ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, त्यामुळे ते खोटं बोलले असं म्हणता येत नाही.

त्या वर्षी चाळीतल्या पुरुषांनी संप केला आणि बायकांनी काम केलं. बकुळाची आई रखमा गिरगावातल्या घरांसाठी मसाले कुटू लागली. तिच्या मसाल्याने अख्खा मजला शिंकायचा आणि जिन्यात भरलेल्या कामगारांच्या सभेत ऐन घोषणेला खोकला यायचा. तात्यांना मात्र रिकामे हात सोसेनात. त्यांनी चाळीतले स्टोव्ह दुरुस्त केले, घड्याळं दुरुस्त केली, शिवणयंत्रं दुरुस्त केली. त्यातली काही आधीपासून चालू होती.

चिंचपोकळीला टायपिंगचा क्लास होता. तिथली मराठी यंत्रं अडायला लागली तेव्हा क्लासवाल्याने तात्यांना बोलावलं, आणि दुरुस्तीच्या बदल्यात बकुळाला शिकवायचं कबूल केलं. पहिल्याच दिवशी तिच्या यंत्राचा ‘क्ष’ अडकला. तिने यंत्राला चापट मारली. तात्या शेजारीच बसले होते.

“मशीन म्हणजे काय बैल नाय, मारल्यार चलूक,” ते म्हणाले. “उघड.”

“मला नाही येत.”

“माका तरी खंय येय होता? उघडल्याबिगर येणा नाय. आणि जेचा झाकण उघडूक येणा नाय, ता मशीन आपला न्हय.”

तिने उघडलं. आत ‘क्ष’च्या दांडीला कोणाच्या तरी केसांचा गुंता होता. त्या दिवसापासून बकुळाला बिघडलेल्या गोष्टींची भीती वाटेनाशी झाली. चालू गोष्टींवर मात्र तिचा फारसा विश्वास नव्हता.

मिल काही सुरू झाली नाही. तात्यांचा सोमवार उगवलाच नाही. संपाच्या दिवसांत बकुळाच्या लग्नाचं बोलणं कोणी काढलं नाही, पुढे काढलं तेव्हा तिला वेळ नव्हता, आणि नंतर दोन्ही पक्ष ते विसरून गेले. वीस वर्षांची असताना ती अप्पांच्या छापखान्यात लागली. छपाईचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आला, तोही तिने आधी उघडून बघितला आणि मग चालू केला. आई अठ्ठ्याण्णव साली गेली. घरात ती आणि तात्या उरले.

म्हणून पाटीची गोष्ट तिने तात्यांनाच पहिली सांगितली. फुकट मिळतं, आतून उघडता येतं, ज्याला येईल तो दुरुस्त करतो.

“बरा आसा,” तात्या म्हणाले. “पगार काय देतत?”

“पगार नाही. सगळे फुकट करतात.”

“मालक कोण?”

“मालक पण नाही.”

तात्यांनी विडी विझवली. हा कारखाना त्यांच्या डोक्यात बसेना. “मग संप कोणाविरुद्ध करतलंस?” त्यांनी काळजीने विचारलं.

सभा दादरला एका शाळेत होती. बकुळा ठेवणीतली साडी नेसून, पर्समध्ये आचाऱ्याचं पत्रक घेऊन पोचली. दारात एक पोरगेला मुलगा लॅपटॉपची वायर सोडवत बसला होता. त्याने मान वर न करताच सांगितलं, “काकी, पालकसभा वरच्या मजल्यावर.”

“मी कोणाची पालक नाही.”

“मग ड्रॉइंगची परीक्षा? ती मागच्या बिल्डिंगमध्ये.”

बकुळा आत जाऊन पंख्याखालच्या बाकावर बसली. खोलीत तीसएक पोरं होती आणि खिडकीजवळ शेवटच्या बाकावर एक मुलगी, गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन. बाकी वातावरण ओळखीचं होतं. लालबागमध्ये गणपती मंडळाच्या सभा असतात ना, अगदी तसंच. पैसे कोणालाच मिळत नाहीत, काम चारजण करतात, बोलतात सगळे, आणि भांडण मागच्या वर्षीचं पुढे चालू असतं. फक्त इथे पावतीपुस्तक नव्हतं.

हेमचंद्र उभा राहिला. सव्वीस वर्षांचा, उंच, वाकून बोलणारा, मनाने सरळ मुलगा. एका कंपनीत प्रोग्रॅमर होता. त्याने घड्याळ बघितलं. “सुरू करू या? पण धुरी सर अजून आले नाहीत.”

“आलेत,” बकुळा म्हणाली. “पंख्याखाली बसलेत.”

सगळी खोली पंख्याकडे बघायला लागली. काहींनी तर खरोखरच वर पंख्याकडे बघितलं. हेमचंद्रचे कान लाल झाले. “सॉरी हं, मॅडम… म्हणजे, या ना, पुढे या.”

ती फळ्याशी गेली आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं : आचार्य. त्याच्याखाली : आचाऱ्याने. पहिला शिकवतो, दुसऱ्याने पातेलं उतरवलं, असं तिने समजावलं. तुमच्या पाटीत दुसरा शब्द लिहिताच येत नाही. ‘वाऱ्यावर’ लिहिलं की नको तिथे रफार, ‘दुसऱ्याला’ लिहिलं की नको तिथे रफार.

मधल्या रांगेतून एक दाढीवाला बोलला. हाच तो चार अक्षरांचा दौलत. “काकी, संदर्भावरून कळतं ना यार. एवढं काय त्यात?”

“तुझं लग्न झालंय?”

“नाही अजून.”

“झालं की कळव. आचार्यांना पातेल्यापाशी उभं करते आणि आचाऱ्याला मंगलाष्टकं म्हणायला लावते. तू संदर्भावरून जेव.”

पोरं खो खो हसली. हेमचंद्रने चूक वहीत टिपून घेतली. बकुळाला वाटलं, झालं काम.

काम झालं नव्हतं. झालं एवढंच की ती बाई आहे हे मेलिंग लिस्टवर सगळ्यांना कळलं. ‘धुरी सर’ असताना तिला उत्तर यायचं, ‘तुमचा मुद्दा तपासतो.’ ‘धुरी मॅडम’ झाल्यावर यायला लागलं, ‘मॅडम, कीबोर्डची वायर नीट बसलीय का बघा.’ अठरा वर्षं कीबोर्ड बडवणाऱ्या बाईला एकाने माउस कसा धरायचा त्याची आकृती काढून पाठवली. दुसऱ्याने सुचवलं की लेडीज लोकांना रंगांचं चांगलं कळतं, तर तुम्ही बटणांची चित्रं काढा. तिसऱ्याने एकटीलाच लिहिलं, ‘हाय, मेक फ्रेंडशिप?’ आणि वय विचारलं. तिने वय सांगितलं, वडील घरीच असतात तेही सांगितलं. मैत्री तिथेच आटोपली. आचाऱ्याच्या चुकीपुढे दौलतने ‘किरकोळ’ असा शेरा मारून ठेवला.

मग तीन आठवड्यांनी ललितने ती दुरुस्त करून टाकली.

ललित म्हणजे मंडळाचा हिरा. कोणी त्याला पाहिलेलं नव्हतं. तो फक्त लिस्टवर असायचा. कमी बोलायचा आणि दुरुस्त्या अशा पाठवायचा की हेमचंद्र प्रत्येक सभेत त्या पडद्यावर दाखवून म्हणायचा, “बघा, कोड असा लिहायचा. ललितभाई येणार कधी, देव जाणे.” दौलत सगळ्यांना चार अक्षरांत गप्प करायचा, पण ललितला ‘बॉस’ म्हणायचा.

त्या महिन्यातल्या सभेनंतर बकुळा आणि ती शेवटच्या बाकावरची मुलगी एकत्रच बाहेर पडल्या. लतिका चित्रे, बावीस वर्षांची, प्रभादेवीला राहणारी. घरात दोन पिढ्या बँकेत कारकून, हिनेच काय ते कॉम्प्युटर इंजिनियरिंग केलेलं. सभांत ती कधी तोंड उघडत नसे. बकुळाने तिला आधी त्या चार अक्षरांचा अर्थ विचारला.

लतिकाने खालच्या आवाजात सांगितला. “म्हणजे, आधी मॅन्युअल वाच. आणि ‘मॅन्युअल’च्या आधी एक शिवी.”

“असं होय. आणि मॅन्युअल आहे कुठे?”

“नाहीये. कोणी लिहिलंच नाही.”

बकुळाने हा मजकूर जिरवला. मग म्हणाली, “तो ललित मात्र गुणी मुलगा हं. माझा आचारी सोडवला त्याने.”

लतिका थांबली. बाजूला रसवंती होती, तिथल्या बाकावर बसली. “ते मी केलंय,” ती म्हणाली. “ललित मीच.”

मग तिने सगळं सांगितलं. दीड वर्षापूर्वी तिने पहिली दुरुस्ती स्वतःच्या नावाने पाठवली होती. नऊ प्रश्न परत आले. त्यातला एक : हे खरंच तू लिहिलंस का? कोणी मदत केली? ती दुरुस्ती तशीच पडून राहिली. महिन्याभराने तिने ललित नावाने नवा पत्ता काढला आणि तीच फाइल पाठवली. दोन तासांत स्वीकारली गेली. खाली लिहिलेलं, ‘जबरी, भाई!’

“तीच फाइल?”

“तीच. एक स्पेससुद्धा बदलली नव्हती.”

बकुळा इतक्या मोठ्याने हसली की रसवाल्याने चरक थांबवला. मग तिचं हसू उतरलं, आणि आतून रखमाबाईच्या मसाल्यासारखं काहीतरी वर आलं. “मग तू इथे येतेस कशाला गं?”

“ललितबद्दल काय बोलतात ते ऐकायला,” लतिका म्हणाली. “फार चांगलं बोलतात, मावशी. ऐकून बरं वाटतं. आणि घरी जाताना खूप वाईट वाटतं.”

हेमचंद्रला मंडळात बायका नाहीत याचं खरोखर दुःख होतं. त्याने उपाय काढला : आठ मार्चच्या आसपासच्या रविवारी ‘महिला विशेष’ कार्यक्रम. दारात रांगोळी, येणाऱ्या प्रत्येकीला गुलाबाचं फूल. ‘संगणकाची भीती घालवा’ या विषयावर दौलतचं भाषण. दीपप्रज्वलन श्रीमती बकुळा धुरी, आभार कुमारी लतिका चित्रे. आणि शेवटी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वर्षातल्या उत्कृष्ट योगदानाबद्दल ललित यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. त्यांनी मेलवर कळवलंय, यावेळी नक्की येतो.

“कळवलंस?” बकुळाने विचारलं.

“कळवलं,” लतिका म्हणाली.

कार्यक्रमाला चौदा बायका आल्या. पाच कोणाच्या ना कोणाच्या बहिणी होत्या, तीन आया, बाकीच्या बकुळाने चिंचपोकळीच्या जुन्या टायपिंग क्लासातून धरून आणलेल्या. दौलत पाऊण तास बोलला. कॉम्प्युटर चावत नाही, असं त्याने तीनदा सांगितलं. टायपिंग क्लासवाल्या, ज्यांनी सरकारी कचेऱ्यांची हजारो पानं बडवली होती, त्या गुलाबाच्या पाकळ्या मोजत बसल्या.

मग हेमचंद्र शाल आणि नारळ घेऊन उभा राहिला. दाराकडे बघत म्हणाला, “ललित आले असतील तर त्यांनी पुढे यावं.”

लतिका उठली. शेवटच्या बाकापासून फळ्यापर्यंत चालत आली. सगळ्यांना वाटलं, आभार मानायची वेळ समजून चुकून उठली.

“लतिका, तुझं नंतर,” हेमचंद्र हळूच म्हणाला.

“मी ललित आहे,” ती म्हणाली.

हेमचंद्रच्या हातातला नारळ तसाच अधांतरी राहिला.

पहिला आवाज दौलतचा. “कायपण काय! म्हणजे ललितच्या नावाने मेल तू पाठवायचीस, ठीक आहे. पण कोड कोणी लिहिला? भावाने?”

लतिकाने उत्तर द्यायच्या आत बकुळा जागची उठली.

“दौलत, मला एक सांग. ललित दोन वर्षं कोड पाठवतोय. त्याला कधी विचारलंस, हा तुझ्या बहिणीने लिहिला का म्हणून?”

“त्याला कशाला विचारू?”

“तेच म्हणते मी.” मग ती हेमचंद्रकडे वळली. “आणि तू तो नारळ दे बाबा आधी. हात दुखेल.”

हेमचंद्रने नारळ दिला. शाल उलटी घातली. टायपिंग क्लासवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि त्या थांबेचनात. इतर पोरांनीही त्यात हात मिसळले. काहींनी मनापासून, काहींनी शेजारी बघून. लतिकाने आभार मानले नाहीत. शाल घडी करून बॅगेत टाकली आणि निघून गेली.

लिस्टवर तीन दिवस वणवा पेटला. फसवणूक झाली म्हणणारे वेगळे, मुलींनी आधीच नाव सांगितलं असतं तर आम्ही काय खाल्लं असतं म्हणणारे वेगळे, आणि एक जण निव्वळ शुद्धलेखन सुधारत फिरत होता. बकुळाला विशेष काही वाटलं नाही. तिच्या चाळीत आरतीच्या क्रमावरून डोकी फुटली होती. तिला काळजी होती ती लतिकाची, कारण लतिका आणि ललित दोघंही गप्प झाले होते.

पुढच्या आठवड्यात हेमचंद्र छापखान्यात आला. हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा सुतकी.

“मॅडम, माझं काय चुकलं? आम्ही तर स्वागत केलं. फुलंसुद्धा दिली.”

“फूल कशाला? आम्ही काय देव आहोत की वारलोय?”

अप्पा आतल्या खोलीत ठसकले. हेमचंद्र खुर्चीवर बसला. “मग काय करायचं ते तुम्ही सांगा.”

बकुळाने हातातलं प्रूफ बाजूला ठेवलं. “तुमच्या त्या मजल्यावर बायकांचा संडास आहे, माहितेय?”

“…आहे?”

“आहे. त्याला कुलूप असतं. चावी शिपायाकडे, आणि शिपाई रविवारी नसतो. लतिका सभेच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. दोन वर्षं. तुझ्या त्या सुंदर कोडवाल्या ललितच्या पोटात पाण्याचा थेंब नसायचा.”

हेमचंद्रने खिशातून पेन काढलं. कागद सापडेना म्हणून हातावर लिहिलं : चावी.

“सभा संपली की तुम्ही सगळे चहाच्या टपरीवर जाता. खोलीत नुसत्या गप्पा होतात आणि सगळं ठरतं टपरीवर. मग लिस्टवर येतं, असं ठरलं. कोणी ठरवलं? ज्यांना घरी जाऊन कुकर लावायचा नव्हता त्यांनी. जे ठरवायचं ते खोलीत ठरवा. मग टपरीवर बसून हवं तर चंद्रावर जायचं ठरवा.”

“बरोबर,” हेमचंद्र म्हणाला. हातावरची जागा संपली, तो मनगटावर आला.

“आणि जो कोणी ती चार अक्षरं लिहील, त्याने मॅन्युअलचं ते पान मराठीत लिहून द्यायचं. आठ दिवसांत. शिवी फुकट मिळणार नाही.”

हेमचंद्र पहिल्यांदा हसला. मग विचारलं, “लतिका परत येईल?”

“मला कसं माहीत? तिला विचार. पण आधी ती नऊ प्रश्नांची मेल काढून वाच. कोणी लिहिली होती ते बघ.”

त्याने तिथेच कॉम्प्युटरवर काढून वाचली. ती त्यानेच लिहिली होती. पेढे तिथेच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने लिस्टवर, सगळ्यांसमोर, ती जुनी मेल जशीच्या तशी टाकली आणि खाली लिहिलं, ‘हे मी लिहिलं होतं. तीच फाइल मी नंतर ललितकडून डोळे मिटून घेतली. लतिका, माफ कर.’ ही गोष्ट सोपी नसते. गणपती मंडळात तरी असं कोणी केल्याचं बकुळाच्या ऐकण्यात नव्हतं.

लतिका परत आली, पण तिच्या अटीवर. कोड पाठवणाऱ्याचं नाव झाकून तपासायचा, आणि पहिल्यांदा पाठवणाऱ्याला प्रश्न विचारायचे तर सगळ्यांना तेच विचारायचे. दोनजण यावर रुसून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळं मंडळ काढलं. त्याच्या पहिल्या सभेत फूट पडली. दौलत मात्र गेला नाही. त्याने वर्षभरात मॅन्युअलची सतरा पानं लिहिली. स्वभाव तसाच राहिला, पण मराठी सुधारलं.

टायपिंग क्लासवाल्या बायकांसाठी बकुळाने शनिवारी दुपारी छापखान्यात बैठक सुरू केली. अप्पा आधी म्हणाले, “बायका येणार? मग मी आतच बसतो.” तिसऱ्या शनिवारी ते बाहेर येऊन त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत होते. तिथेच वरळी कोळीवाड्यातली गुणवंती आली. तिशीची, सकाळी आईबरोबर दादरच्या बाजारात मासे विकणारी, दुपारी टायपिंग शिकणारी. परीक्षेत दोनदा नापास, कारण पुढ्यातला मजकूर बरोबर नाही असं वाटलं की ती टाइप करता करता तो बदलायची. बकुळाने तिला लगेच भाषांतराला बसवलं.

पाटीचं मराठी पोरांनी शब्दकोश उशाशी घेऊन केलं होतं. प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवायचा असला की पडद्यावर यायचं, ‘प्रतिष्ठापना करावी?’

“बाय गं,” गुणवंती म्हणाली, “प्रोग्रॅम काढून टाकायचा असला म्हणजे काय, विसर्जन?”

बकुळाने पुढचं बटण दाखवलं. खरंच ‘विसर्जन’ लिहिलं होतं. चिंचपोकळीच्या बायका टेबलावर डोकं ठेवून हसल्या. प्रतिष्ठापनेचं ‘बसवा’ झालं आणि विसर्जनाचं ‘काढा’. फाइल पुसताना यायचं, ‘आपण निश्चित आहात काय?’

“निश्चित का निश्चिंत?” गुणवंतीने विचारलं. “मी तर दोन्ही कधीच नव्हते. ‘नक्की पुसू?’ लिहा ना, माणसासारखं.”

तेही झालं. दौलतने लिस्टवर हरकत घेतली की ही बाजारातली भाषा आहे. गुणवंतीने उत्तर दिलं : ‘हो. बाजारात लोकांना कळते.’ त्यावर मतदान झालं, खोलीत, टपरीवर नाही, आणि बाजार जिंकला.

दोन हजार सहाच्या दिवाळीत पाटीची नवी आवृत्ती निघाली. आचारी आचारी राहिला. आत काम करणाऱ्यांच्या नावांची यादी होती, त्यात सदतीस नावं, अकरा बायकांची. बकुळाने ती छापून तात्यांना दाखवली. तात्यांनी भिंग लावून वाचली. मिलमध्ये इतकी वर्षं काढून त्यांचं नाव मस्टरशिवाय कुठे छापून आलं नव्हतं.

“ह्या फुकट करतंस ना?” त्यांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

“फुकट.”

“बरा करतंस,” ते म्हणाले आणि कागद उशीखाली ठेवून झोपले. दोन वर्षांनी ते गेले.

त्याच वर्षी हेमचंद्रला जर्मनीत नोकरी लागली. लतिका आधीच बंगळूरला गेली होती, एका मोठ्या प्रकल्पात, स्वतःच्या नावाने. मंडळाचं प्रमुखपद रिकामं झालं. हेमचंद्रने बकुळाचं नाव सुचवलं.

“मला नको,” बकुळा म्हणाली. “मी चूक काढते. सभा चालवायला धीर लागतो, नाहीतर आवाज लागतो. गुणवंतीकडे आवाज आहे.”

गुणवंती निवडून आली. तिच्या पहिल्या सभेला पंचेचाळीस माणसं होती, त्यात बायका किती ते कोणी मोजलं नाही. एकाच वेळी चारजण बोलायला लागले तेव्हा तिने दादरच्या बाजारात कमावलेल्या आवाजात हाक दिली, “एकेक करून! सगळ्यांचं ताजं आहे, सगळ्यांचं घेणार!” खोली चिडीचूप झाली. मग दारातून एक कॉलेजची मुलगी घाबरत आत डोकावली आणि कुठे बसू म्हणून विचारलं. कोणीतरी बाकावरची बॅग उचलली आणि पलीकडे सरकलं, बोलणं न थांबवता.

बकुळा शेवटच्या बाकावर होती. सुरुवातीला ती कान टवकारून बसली, कोण कोणाला काय बोलतंय ते ऐकत. मग अर्ध्या तासाने, दौलत छपाईच्या समासांवर बोलत असताना, तिला चक्क झोप लागली. गुणवंतीने एकदा तिकडे बघितलं आणि पुढचा विषय घेतला.